पृथ्वीच्या पोटात बसलेली दुर्बीण

भिंगरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. पण त्या रविवारी सकाळी ती शाळेच्या संगणकासमोर अशी चिकटून बसली होती, की शिपाईकाका दोनदा डोकावून गेले. पोरीला बरं आहे ना, म्हणून.

बरं कुठलं! पडद्यावर तिला एक ठिपका हवा होता आणि तो काही केल्या दिसत नव्हता.

ठिपका म्हणजे एक लघुग्रह. मैदानाएवढा एक दगड, गेल्याच आठवड्यात दूरच्या कुणाला तरी पहिल्यांदा दिसलेला. पृथ्वीच्या बऱ्यापैकी जवळून तो चालला होता आणि जाता जाता अंधुक होत होता. त्याच्या वाटेचं गणित अजून कच्चं होतं, कारण मोजमापंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज अंधार पडताच एक मोठी दुर्बीण त्याला शोधणार होती. पण मोठ्या दुर्बिणीला आभाळाचा अगदी इवलासा तुकडा दिसतो. नेमकं कुठे बघायचं ते तिला कुणी सांगितलं नाही, तर दगड हातचा जाणार. पुन्हा कधी इकडे फिरकलाच, तर हा तोच की दुसरा, हेही कुणाला कळायचं नाही.

जिथे तिथे ढग होते. आदल्या संध्याकाळी आभाळ मोकळं मिळालं ते भिंगरीच्या शाळेला. गच्चीवर पत्र्याचं सरकतं छप्पर, त्याखाली शाळेची दुर्बीण, आणि विज्ञानाच्या बाईंनी लघुग्रहांच्या वाटा काढणाऱ्या गणना केंद्राला कळवलेलं, की आम्ही बघतो. त्याआधी भिंगरीनं भरवर्गात सांगून टाकलं होतं, "आपली शाळा त्याला हरवू देणार नाही." वर्ग हसला होता. भिंगरीलाही स्वतःचा आवाज ऐकून नवल वाटलं होतं. मागच्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची.

आता ते वाक्य गळ्याशी आलं होतं.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय म्हणतोय आपला पाहुणा?"

"तोंड दाखवत नाहीये, बाई."

लघुग्रह इतका अंधुक होता, की एका चित्रात दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून काल लागोपाठ घेतलेली चित्रं एकमेकांवर रचायची. पण तशीच नाही. लघुग्रह जेवढा पुढे सरकणार, तेवढं प्रत्येक चित्र मागे सरकवायचं. मग ताऱ्यांच्या लांबट रेघा होतात आणि लघुग्रहाचा उजेड एकाच जागी साचून ठिपका उमटतो. भिंगरीनं सकाळपासून तेच केलं होतं. रेघा सुंदर आल्या होत्या. ठिपक्याच्या जागी नुसता काळोख.

"बाई, गणितच चुकलं असेल का? म्हणजे, त्यांचं."

"असेलही. वाट कच्ची आहे." बाईंनी चष्मा पुसला. "तू जेवून ये. उपाशीपोटी डोळ्यांना नसलेले ठिपकेसुद्धा दिसतात. संध्याकाळपर्यंत मिळाला नाही, तर आम्हाला दिसला नाही असं कळवू. त्यातही कमीपणा नाही."

कमीपणा नाही म्हणे. भिंगरी सायकल हाणत घरी आली ती तोंड एवढंसं करून.

घरी जेवणाचं टेबल भिंतीला लागून होतं. वर लांब दांडीचा दिवा लोंबायचा, समोरच्या भिंतीवर घड्याळ. रात्रपाळी करून आलेली आई नुकतीच झोपेतून उठली होती. दादाचं नेहमीचं सुरू होतं.

"काय, खगोलशास्त्रज्ञ? दगड सापडला?"

"तू गप जेव."

"आपल्या अंगणात आहेत भरपूर. त्यातलाच एखादा ने, पुसून."

"आई, ह्याला सांग."

"दोघंही जेवा," आई म्हणाली. "किती वाजले बघ गं. मला परत आडवं व्हायचंय."

"मला कसं दिसणार? घड्याळ दिव्याआड आहे."

"मला तर पूर्ण दिसतंय," दादा म्हणाला. "दीड."

"तुला दिसणारच. चांगली खुर्ची तू बळकावलीस, मी बालवाडीत होते तेव्हापासून."

"मग ये इथे बस, रडूबाई. दिवा तोच, घड्याळ तेच."

भिंगरी चिडून उठली आणि दादाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. खरंच, इथून दिवा घड्याळाच्या पार डावीकडे होता. ती आपल्या खुर्चीकडे सरकली. दिवा घड्याळावर आला. पुन्हा दादाकडे. दिवा बाजूला.

"आता नाचायला लागली," दादा म्हणाला.

पण भिंगरी खिडकीकडे बघत होती. खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची, आणि तिच्याही मागे, लांब टेकडीवर, मनोरा. ती इकडून तिकडे गेली तरी टाकी आणि मनोरा आपली जोडी सोडत नव्हते. जागा बदलत होता तो फक्त जवळचा दिवा.

तिचा घास हातातच राहिला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "आमची दुर्बीण पृथ्वीच्या पोटात बसलीये."

दादानं आईकडे बघितलं. "हिला ऊन लागलं."

"अरे ऐक ना. लघुग्रह कुठे दिसेल ते गणना केंद्राच्या वेबपानावर विचारावं लागतं. तिथे तुम्ही कुठून बघताय त्याची चौकट असते. प्रत्येक वेधशाळेला तिथे भरायचा क्रमांक असतो, आम्हाला अजून मिळालेला नाही. म्हणून आम्ही ती चौकट नेहमी रिकामी सोडतो."

"बरं, मग?"

"रिकामी सोडली की ते समजतात, बघणारा पृथ्वीच्या मधोमध बसलाय. बरोब्बर पोटात."

"आणि आजवर कुणाला कळलं नाही?"

"आजवरचे सगळे त्या मनोऱ्याएवढे लांब होते. मधून बघा नाहीतर गच्चीवरून, फरक नखाएवढा. हा दिवा आहे, दादा. हा जवळ आहे."

दादानं ताट बाजूला सारलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. "सायकलनं संध्याकाळ करशील. चल."

शाळेत बाईंनी सगळं ऐकलं. मग त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या, की शिपाईकाका तिसऱ्यांदा आले.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हा मुलांना घेऊन पाताळात बसले होते," त्या म्हणाल्या. "आणि वर सांगत होते, स्वेटर घालून या, गच्चीवर गार असतं. चल, भर ती चौकट."

क्रमांक नव्हता तर नव्हता. शाळेचे अक्षांश-रेखांश भरता येत होते, समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. बाईंनी वाचून दाखवलं, भिंगरीनं भरलं. उत्तर आलं तसे दोघी पुढे झुकल्या. लघुग्रहाची जागा चित्राच्या मध्यावरून उठून थेट खालच्या कोपऱ्यात गेली होती. एवढंच नाही, वेगही बदलला होता. पृथ्वी फिरते तशी शाळेची गच्चीही फिरते, आणि जवळच्या वस्तूला ते फिरणं जाणवतं. म्हणजे सकाळपासून भिंगरी चित्रं चुकीच्या मापानं सरकवत होती. कोपऱ्यातल्या ठिपक्याचा त्यात पार फराटा झाला असणार.

"कोपरा चित्रात तरी आहे," बाई म्हणाल्या. "अजून थोडा खाली असता तर गेलाच होता."

भिंगरीनं नवी मापं दिली. चित्रं एकेक करून रचली जाऊ लागली. दादा दारात उभा राहून किल्ली फिरवत होता. त्याला घरी जायचं होतं, पण जात नव्हता.

ताऱ्यांच्या रेघा आल्या. आणि खालच्या कोपऱ्यात, दोन रेघांच्या मधल्या काळोखात, मिठाच्या कणासारखा एक गोल ठिपका.

भिंगरीनं पडद्यावर बोट टेकवलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "ठिपके धुळीचेही पडतात. मला कसं पटवशील?"

हे भिंगरीला ठाऊक होतं. तिनं पहिली अर्धी चित्रं वेगळी रचली, उरलेली वेगळी. दोन्हीत ठिपका होता. दुसऱ्यात तो ताऱ्यांमधून जेवढा पुढे सरकायला हवा, अगदी तेवढाच सरकला होता. धूळ अशी शिस्तीत चालत नाही.

"पटलं," बाई म्हणाल्या. "मोज."

आजूबाजूच्या ताऱ्यांवरून तिनं ठिपक्याची जागा मोजली. मग पुन्हा मोजली, मग बाईंनी मोजली. तिन्ही आकडे जुळले. पाठवायच्या मजकुरात बाईंनी शाळेचा पत्ता लिहिला, आणि मोजमाप कुणी केलं तिथे आल्यावर कीबोर्ड भिंगरीकडे सरकवला.

"मी एकटीनं नाही केलं, बाई."

"आमची नावं खाली येतीलच. तुझं वर लिही. आणि पुटपुटल्यासारखं बारीक अक्षरात नको."

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच उत्तर आलं होतं. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. मोठ्या दुर्बिणीला लघुग्रह मिळाला होता, शाळेच्या मोजमापावरून सांगितलं होतं तिथेच, जवळजवळ चित्राच्या मधोमध. वाट पक्की झाली होती. आता तो कितीही वर्षांनी परत आला, तरी ओळखू येणार होता.

शुक्रवारी हसलेला वर्ग या वेळी टाळ्या वाजवत होता. भिंगरी उभी राहिली. मान खाली घालायची जुनी सवय आठवली, पण मान काही खाली जाईना.

त्या दिवशी जेवायला दादानं आपली खुर्ची मागे ओढून तिच्यापुढे केली. "बसा, शास्त्रज्ञबाई. इथून घड्याळ दिसतं."

"नको," भिंगरी म्हणाली आणि आपल्याच खुर्चीत ऐसपैस बसली, दिव्याच्या बरोब्बर मागे. "माझी जागा मला पक्की ठाऊक आहे. अक्षांश-रेखांशासकट."