आईचं काळीज उजवीकडे

"फोटो उलटा काढलास की डोळे घरी ठेवून आलास?" सर्जनबाई स्कॅनवाल्यावर कडाडल्या. "जठरातली गाठ काढायची आहे, भिंतीवरची तसबीर नाही! पुन्हा काढ."

"बाई, बाजू बरोबर आहे हो," तो काकुळतीने म्हणाला.

खाटेशी उभा असलेला पेशंटचा थोरला मुलगा मूग गिळून गप्प. सगळं ठाऊक असून! त्याच्या आईचं काळीज जन्मापासून उजवीकडे, जठर उजवीकडे, यकृत डावीकडे. आरशात दिसावं तसं. पण शेजारी भेटायला आलेले होणारे व्याही बसले होते. 'उलट्या अंगाच्या घरातली मुलगी' म्हणून लेकीची सोयरीक मोडली तर? त्याने आईलाही दम भरला होता, "तोंड उघडलंस तर नातीचं लग्न तुझ्यामुळे मोडेल!" आत गाठीतून रक्त झिरपतंय अन् हा अब्रू सांभाळतोय. धन्य तो लेक!

दुसरा स्कॅनही तसाच आला. बाई तणतणत खाटेपाशी आल्या, स्टेथोस्कोप डावीकडे टेकवला, मग उजवीकडे, आणि थबकल्या.

"हृदय इकडे आहे!" त्या थोरल्याकडे वळल्या. "माहीत नव्हतं तुम्हाला?"

"नाही."

"खोटं बोलतोय मेला!" आई खाटेवरूनच फणकारली. "लहानपणी माझ्या उजव्या कुशीला कान लावल्याशिवाय झोपायचा नाही. आता त्याच कुशीची लाज वाटते!"

थोरल्याचं तोंड पडलं.

"अहो शहाणे, तुमच्या आईत काही खोट नाही," बाई म्हणाल्या. "फक्त बाजू वेगळी आहे. मी टेबलाच्या पलीकडे उभी राहीन, प्रत्येक नस दोनदा बघून मगच कापीन. पण माझ्या हाताला रोजच्या बाजूची सवय आहे. गाफीलपणे भलतीच नस कापली गेली असती, तर तुमची अब्रू रक्त थांबवायला येणार होती का?"

थोरला चरकला! आईकडे पाहिलं, तर तिने तोंड फिरवलं. तो व्याह्यांकडे वळला. "ऐकलंत ना? मी लपवलं. लग्न मोडायचं तर मोडा."

"फसवत होतात आम्हाला!" व्याही तडकले आणि चालते झाले.

ऑपरेशन पार पडलं, गाठ निघाली. थोरला मात्र घरी येऊन व्याह्यांच्या नावाने बोटं मोडू लागला.

"त्यांना कशाला नावं ठेवता, बाबा?" लेक ताडकन म्हणाली. "आजीची लाज आधी तुम्हालाच वाटली!"

तो उठला आणि आपल्या लपवाछपवीपायी फुकट बोलणी खाल्लेल्या स्कॅनवाल्याची माफी मागायला गेला.

मंडळी, शरीराचं वेगळेपण हा कुणाचा गुन्हा नाही. पण लोकलाजेपायी ते डॉक्टरांपासून लपवणं म्हणजे आपल्याच माणसाच्या जिवावर उठणं आहे!