वाटणीत गेलेला रिमोट

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेमचा डबा आहे. माझ्या खोक्यावर ‘गेमिंग कन्सोल’ असे भारदस्त नाव छापलेले होते, पण त्या नावाने मला कोणी कधी हाक मारली नाही. दुकानात मी डबाच होतो. एके काळी मी पांढराशुभ्र होतो. आता उन्हाने पिवळा पडलो आहे, आणि पोटातला पंखा दमेकऱ्यासारखा घरघरतो. तरीही माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे असे मला वाटते. म्हाताऱ्यांना असे वाटतेच म्हणा!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझी असंख्य भावंडे होती. ती सगळी कोणाच्या ना कोणाच्या घरी गेली, मी मात्र दुकानातच राहिलो. कारण दुकानाच्या मालकिणीने मला खोक्यातून काढून दारापाशी टीव्हीला जोडले आणि वर पाटी लावली, ‘खेळून बघा, मग घ्या.’

दुकान बहीण-भावाचे होते. थोरलीला सगळे ताई म्हणत. धाकट्याचे नाव छोट्या. त्याला मिशा फुटून बरीच वर्षे झाली होती, पण नाव काही मोठे झाले नाही. मला वायरने जोडलेले, हातात धरून खेळायचे दोन रिमोट होते. सकाळी शटर अर्धेच वर करून ही दोघे आधी स्वतः एक डाव खेळत. त्या खेळात दोन हमाल एक पेटी घेऊन जंगल पार करत. एक जण मागे राहिला की पडदा पुढे सरकतच नसे. दुसऱ्याला थांबावेच लागे. ज्याच्यामुळे पेटी नदीत बुडेल त्याने दुकान झाडायचे, असा त्यांचा नियम होता. बहुतेक वेळा छोट्याच झाडू हातात घेई, कारण त्याला उडी मारायची भारी घाई.

ते माझे सोन्याचे दिवस होते. शाळा सुटली की माझ्यापुढे मुलांची रांग लागे. माझी बटणे घामेजलेल्या बोटांनी चिकट होत आणि ताई ती ओल्या फडक्याने पुसून काढी. माझ्या कंपनीची खोकी गरम भज्यांसारखी खपत.

मग दुसऱ्या कंपनीचा काळा डबा बाजारात आला. तो माझ्यापेक्षा चपळ होता, हे मला कबूल करायलाच हवे. छोट्या तर त्याच्यावर लट्टू झाला.

“ताई, आता काळ्याचेच दिवस आहेत. सगळं कपाट त्यानंच भरू या.”

“पांढऱ्यानं आपल्याला पोसलंय, छोट्या. उद्या आणखी कुणी आला की काळ्यालाही असाच टाकशील.”

बोलता बोलता शब्दाने शब्द वाढला. ताई त्याला उतावळा म्हणाली, तो तिला हेकट म्हणाला. दोघेही खरेच बोलत होते, म्हणून दोघांनाही फार लागले. शेवटी सुतार बोलावला आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. एका बाजूला पांढरा, एका बाजूला काळा. स्टुले, चहाचे कप, पंखे, सगळे निम्मे निम्मे झाले. राहिलो मी. मला काही करवतीने कापता येत नव्हते.

“डबा माझा,” ताई म्हणाली.

“मग एक रिमोट माझा,” छोट्या म्हणाला.

डब्याशिवाय रिमोट म्हणजे कुलुपाशिवाय किल्ली. त्या काळ्या डब्याला माझा रिमोट लागतही नव्हता. पण हट्टाला औषध नसते. त्याने वायर उपटली आणि रिमोट घेऊन तो भिंतीपलीकडे गेला. माझा एक हात गेला, मित्रांनो. मला खूप वाईट वाटले.

त्यानंतर चढाओढ सुरू झाली. ताईने भाव उतरवला की छोट्या एक गेम फुकट देई. छोट्याने नवा माल भरला की ताई त्याच्या दुप्पट भरी. मुले या दारातून त्या दारात पळत. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, असे म्हणतात ना? तो तिसरा माणसांच्या खिशात बसला होता. हातातल्या फोनवरच गेम येऊ लागले आणि आमच्या दारापुढची रांग हळूहळू विरून गेली. कोरी खोकी छतापर्यंत तशीच राहिली. ताई माश्या मारत बसू लागली. भिंतीपलीकडून रोज काळ्या डब्याची सुरुवातीची धून ऐकू येई. तिचा मला पूर्वी संताप यायचा. एक दिवस तीही थांबली, तेव्हा मला करमेना.

एकदा चष्मा लावलेली एक मुलगी वडिलांचे बोट धरून आली. “हा दोघांना खेळता येतो?” तिने विचारले.

“नाही गं, हा एकट्याचाच आहे,” ताई म्हणाली.

तिच्या पाठीमागच्या फळीवर नव्या रिमोटांची चळत होती. त्यातला एकही तिने माझ्यासाठी कधी खोक्यातून काढला नाही.

अखेर दोघांनीही जागा सोडायचे ठरवले. नव्या भाडेकरूला सलग खोली हवी होती, म्हणून त्याच सुताराला भिंत काढायला बोलावले. भंगारवाला आधीच दारात येऊन उभा होता आणि त्याची नजर माझ्यावर होती.

सुताराने प्लायचा शेवटचा तुकडा ओढला. धुरळा खाली बसला. पलीकडच्या भिंतीवर एका खिळ्याला पारदर्शक पिशवीत माझा रिमोट टांगलेला होता. वायर नीट गुंडाळलेली, अंगावर धुळीचा कण नाही.

“हे भंगारात टाकू का?” सुताराने विचारले.

“टाकू नका!” दोघेही एकदम ओरडले.

“चालतो का अजून?” ताईने विचारले.

“रोज पुसतो मी.”

छोट्याने रिमोट मला जोडला. किती वर्षांनी टीव्हीच्या पडद्यावर दोन हमाल उभे राहिले! पण नदीपाशी घोटाळा झाला. छोट्याचा हमाल उडीच मारेना. बटणाखालचे रबर कडक होऊन बटण आखडले होते.

“नुसतं पुसून काय होतंय? वापरायला हवं होतंस.”

“कुणाबरोबर वापरणार होतो, ताई?”

ताईचा हमाल नदीच्या पलीकडे पोचत आला होता. तिने तो माघारी आणला आणि छोट्याच्या हमालाशेजारी उभा केला. पडदा थांबलेला होता, तीही थांबली. छोट्या दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबत राहिला. एकदाचे ते कट्‌कन मोकळे झाले, हमालाने उडी मारली आणि पेटी थेट नदीत गेली.

“झाडायची पाळी तुझी,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

छोट्याने झाडू घेतला, ताईने सुपली धरली. भिंतीचा भुसा दोघांनी मिळून भरला.

“हा डबा पण न्यायचा ना?” भंगारवाल्याने विचारले.

“तो माझ्या घरी येतोय,” ताई म्हणाली. मग ती भावाकडे वळली. “रिमोट दे, त्याच्याबरोबरच ठेवते.”

छोट्याने रिमोट आपल्या पिशवीत टाकला. “माझ्या वाटणीचा आहे. मी नाही देणार.”

माझा एक हात पुन्हा चालला होता.

“येताना घेऊन येत जाईन,” तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी म्हातारे पडून असेल. त्याला पुसा, जपा, पण एवढ्यावर थांबू नका. अधूनमधून त्याला कामाला लावा. न वापरलेली बटणे आखडतात, आणि ती मोकळी करायला दोन अंगठे आणि पुष्कळ धीर लागतो.

मी आता ताईच्या घरी खिडकीजवळ असतो. सुट्टीच्या दिवशी जिन्यात पावले वाजली की ती आतूनच ओरडते, “रिमोट आणलास का रे?” भावाची वाट पाहत होते, असे ती कधीच म्हणत नाही.