तीन ठोके

मी रुळाचा तुकडा बोलतोय. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका, हल्ली मला माणसांची शिसारी आली आहे.

एका लहान स्टेशनाच्या फलाटावर मला टांगून घंटा केलं होतं. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की सांधेवाला लोखंडी कांबीने तीन ठोके द्यायचा. ते ऐकून बाजारकरणी टोपल्या उचलायच्या, मास्तर अर्धा चहा तसाच ठेवून उठायचे. एकदा सांधेवाल्याच्या लेकीने गंमत म्हणून मला वाजवलं. त्याने तिच्या हातातली कांब काढून घेतली. "हा खोटा वाजला ना बाळा, तर उद्या खऱ्यालाही कोणी उठायचं नाही."

मग वरच्या साहेबांनी सकाळची गाडी दुपारी नेली. बाजार सकाळचा, शाळा सकाळची. गाडी रिकामी धावायला लागली आणि तेच साहेब 'प्रवासीच नाहीत' म्हणत ती बंद करायला मोकळे झाले. आधी पाय बांधायचे, मग चालत नाही म्हणून नावं ठेवायची. गावकरीही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. वर्षानुवर्षं विनातिकीट फिरलेले लोक शेवटच्या दिवशी इंजिनाला मिठ्या मारून गळे काढत होते. मला ओकारीच आली असती, पण लोखंडाला पोट नसतं.

रूळ भंगारात गेले. मला एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी उचललं. आता कोणाची थाळी तयार झाली की वेटर मला तीन ठोके देतो. गिऱ्हाईकं माझ्याशेजारी दात काढून फोटो काढतात.

परवा ती लेक म्हाताऱ्या बापाला घेऊन जेवायला आली. त्याला आता कालचं आठवत नाही, जुनं तेवढं लख्ख आहे. वेटरने तीन ठोके दिले आणि म्हातारा घास टाकून उठला. खिशात हिरवी झेंडी चाचपत म्हणाला, "कडेला व्हा, गाडी सुटली."

सगळे हसले. मालकाने मोबाइल काढला. "काका, परत एकदा म्हणा ना, नीट आलं नाही."

"बाबा, बसा. ते उगाच वाजवतात," लेक म्हणाली. तिला मान वर करवत नव्हती.

म्हातारा माझ्यापाशी आला. माझी थरथर थांबेपर्यंत त्याने माझ्यावर तळवा दाबून धरला. "गाडी नाही? मग वाजवला कशाला?"

मालकाने खुशीत त्याला फुकट आइसक्रीम सांगितलं. ते तयार झालं, वेटरने सवयीने तीन ठोके दिले आणि म्हातारा पुन्हा उठून उभा राहिला.

मला भट्टीत घाला. खिळे करा, विळे करा, काहीही करा. पण त्या माणसाशी मला पुन्हा खोटं बोलायला लावू नका.