पाठमोऱ्या मैत्रिणी

मित्रांनो, मी एका जपानी चित्रकथेच्या मालिकेतला जुना आठवा भाग आहे. मधल्या भागाला ना सुरुवात असते ना शेवट, त्यामुळे माझी गोष्ट कुणाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला शंकाच आहे. तरी सांगून बघतो.

अशा चित्रकथांना मांगा म्हणतात. त्या मराठी पुस्तकाच्या उलट बाजूने उघडतात आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. माझा जन्म छापखान्यात झाला तेव्हा माझा कणा उजवीकडे होता आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या मालिकेत समुद्रकाठच्या गावातल्या दोन मुली होत्या, नाओ आणि तोमे. त्या रंगवलेल्या शिंपल्यांचा खेळ खेळत. शिंपले उपडे पसरायचे आणि जोड्या जुळवायच्या. एका शिंपल्याचा अर्धा भाग दुसऱ्या कुठल्याही शिंपल्याशी जुळत नाही, यावर तो सगळा खेळ.

वसईत जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे शाळेतल्या दोन मैत्रिणींनी आम्हाला ढिगातून शोधून काढलं. निर्मळची रिद्धी आणि पाचूबंदरची फेलिशिया. पंधराच्या पंधरा भाग सापडले, तशा दोघी तिथेच उड्या मारू लागल्या. वाटणी फेलिशियाने केली.

"विषम तुझे, सम माझे. म्हणजे पुढचं वाचायला तुला माझ्याकडे यावंच लागेल, आणि मला तुझ्याकडे."

अशी वाटणी मोठ्या माणसांना सुचली नसती. रिद्धीची सायकल पाचूबंदरला यायची, फेलिशियाची निर्मळच्या केळीच्या वाड्यांतून जायची. कॅरियरला आम्ही असायचो. दोघींनी बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, रंगवून स्वतःचा खेळही बनवला. फेलिशियाची आई मर्लिन ओरडायची, "अगो, तिसऱ्या खायला आनल्यात का खेलायला? कालवन कशाचं करू, रंगाचं?"

नाओ कोण आणि तोमे कोण, यावरून मात्र त्यांचं रोज वाजायचं. दोघींनाही नाओच व्हायचं होतं.

माझ्यात एक चित्र होतं, समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं. उजव्या पानावर नाओ, डाव्या पानावर तोमे, दोघी एकमेकींकडे बघत शिंपल्याची जोडी जुळवताहेत. फेलिशियाचं ते सगळ्यात लाडकं चित्र. ती माझ्या त्या पानांवर बोट फिरवायची, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

एका पावसाळ्यात मी रिद्धीकडे मुक्कामाला होतो. दमट हवेने माझा डिंक सुटला आणि पानं गळू लागली. दुसऱ्याचं पुस्तक आपल्या घरी फाटलं म्हणून रिद्धी रडवेली झाली. तिच्या आजोबांनी, भालचंद्र मास्तरांनी, मला उचलून घेतलं.

"रडतेस काय, बाय? नव्यासारखं करून देतो."

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. पुस्तकं बांधायचा त्यांना छंद होता. त्यांनी मैद्याची खळ शिजवली, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं, दाभणाने भोकं पाडली, दुहेरी दोऱ्याने मला शिवलं. वर निळ्या कापडाची पट्टी लावली आणि वजनाला पाटा ठेवला. इतक्या मायेने मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं. पण माझा कणा उजवीकडे बघून मास्तरांना वाटलं, छापखान्याने गफलत केली. ती त्यांनी सुधारली. त्यांनी मला डावीकडे शिवलं आणि कडाही कापून सारख्या केल्या. कापलेल्या कडांबरोबर चित्रांतल्या कुणाकुणाचे शब्दही गेले.

तुमच्या लक्षात आलं का, काय झालं? समोरासमोरची पानं होती तशीच राहिली, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. नाओ डावीकडे गेली, तोमे उजवीकडे आली, आणि दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या.

रिद्धीने मला उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. समोर मास्तर उभे होते, हाताला अजून खळ लागलेली.

"कसं झालंय?"

"छान झालंय, आजोबा," ती म्हणाली.

ती खोटं बोलली, पण मला तिचा राग येत नाही. त्या चेहऱ्यासमोर मीही दुसरं काही बोलू शकलो नसतो.

पाचूबंदरला फेलिशियाने मला हातात घेतलं, त्या चित्राचं पान उघडलं आणि बघतच राहिली.

"हे काय केलंस तू?"

रिद्धीने आजोबांचं नाव सांगितलं असतं तर फेलिशिया हसली असती, वर्गात सांगितलं असतं. आजोबांना कुणी हसलेलं रिद्धीला चाललं नसतं.

"एक पुस्तक तर आहे," ती कशीबशी म्हणाली.

"तुझं असतं तर? तू मुद्दाम केलंस. मी नाओ होते म्हणून!"

"काहीतरीच काय बोलतेस?"

"ठेव तुझ्याकडेच. आणि पुढचे मागायला येऊ नकोस."

मी पुन्हा निर्मळला आलो तो, मला वाटलं, कायमचाच. दहावी आली, कॉलेजं वेगळी झाली. रिद्धीचं कुटुंब बोळिंजच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं आणि आम्ही माळ्यावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात. वर्षं कशी गेली ते खोक्यात कळत नाही.

परवाच्या शनिवारी रिद्धीने खोका खाली काढला. आता ती नोकरी करते, चष्मा लावते. गॅलरीत बसून तिने पहिला भाग उघडला आणि लहानपणीसारखी त्यात बुडून गेली. मास्तर चहाचा कप घेऊन आले. आता फार थकलेत ते.

"उलटं काय वाचतेस गं?"

"आजोबा, ही पुस्तकं अशीच असतात. जपानी आहेत ना," ती वाचता वाचता बोलून गेली आणि मग जीभ चावली.

मास्तरांनी निळ्या पट्टीवरून मला ओळखलं. सातवा भाग शेजारी ठेवला. कितीतरी वेळ ते एकदा त्याची पानं उलटत, एकदा माझी.

"म्हणजे ती कोळ्यांची पोर यायची बंद झाली, ती..."

"जाऊ द्या ना, आजोबा."

"मला वाटलं, अभ्यास वाढला असेल." त्यांनी माझी शिवण चाचपली. "खळ ओली होती तेव्हाच बोलायचंस, बाय. तासाभरात सोडवलं असतं मी."

त्यांनी ब्लेड आणलं. पण कापलेल्या कडा काही परत येणार नव्हत्या. त्यांनी ब्लेड ठेवलं.

"मला पाचूबंदरला घेऊन चल."

"इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगणार?"

"तू नको सांगूस. मी सांगतो."

रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांजवळ मर्लिन बसली होती. "कोन ते? अगो, निर्मळच्या मास्तरांची रिद्धी ना? बस, पानी देते." आतून फेलिशिया आली. तीही आता नोकरीला आहे, सुट्टी म्हणून घरी होती.

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी पुढे केलं. "पोरी, हे माझं काम. हिचा काही दोष नाही. मला वाटलं, मी सुधारतोय."

फेलिशियाला आधी हसू आलं. मग तिने रिद्धीकडे पाहिलं.

"मग बोलली का नाहीस?"

रिद्धीने आजोबांकडे पाहिलं. फेलिशियाला कळलं असावं. तिने मला मास्तरांच्या हातातून घेतलं.

"माझे भाग मी चर्चच्या फेस्ताच्या स्टॉलला देऊन टाकले," ती म्हणाली. "रागात. शेवटी काय होतं गं? पंधरावा तुझ्याकडे होता."

"सांगू?"

"नको. वाचेनच कधीतरी."

"आणून देईन. तूही ये ना बोळिंजला."

"येईन की."

चहा झाला. मर्लिनने सुके बोंबील बांधून दिले. मास्तर मासे खात नाहीत, तरी त्यांनी ते घेतले. रिक्षा आली. दोघींनी हात हलवले. पण दोघींपैकी एकीनेही दुसरीचा नंबर मागितला नाही.

मी आता फेलिशियाच्या टीव्हीशेजारी असतो. माझ्या आधीचा भाग बोळिंजला आहे, आणि माझ्या नंतरचाही.

मित्रांनो, फाटलेलं पुस्तक जरूर शिवा. फक्त शिवण्याआधी ज्याचं आहे त्याला विचारा, हे कुठल्या बाजूने उघडतं? आणि कुणाच्या मायेने केलेल्या कामात चूक दिसली, तर हळूच, पण त्याच दिवशी सांगा. मी पुस्तक आहे, खोक्यात कितीही वर्षं थांबू शकतो. मुलींना तसं थांबता येत नाही. त्या मोठ्या होतात, आणि मग एकमेकींशी फार चांगलं वागतात.