दारामागची नाडी

आमच्या दारामागे पेन्सिलीच्या खुणांच्या दोन रांगा आहेत. एक माझ्या उंचीची, दुसरी नाडीची. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आई नर्सची रात्रपाळी संपवून यायची, गणवेशातच पलंगाच्या कडेला टेकायची आणि माझं मनगट धरायची. झोपेतली नाडीच खरी, असं तिचं म्हणणं. तिच्या बोटांना साबणाचा वास असायचा. पडद्यातून पिवळा उजेड झिरपायचा आणि पलंग पाण्यावर तरंगतोय असं मला वाटायचं.

उंची सरळ वर गेली. नाडी मात्र हट्टाला पेटलेली. दहाव्या वर्षी ९२, तेराव्या वर्षी ९०, सतराव्या वर्षी ९१. वयाबरोबर ती खाली यायला हवी होती. सशाचं काळीज आहे हिचं, असं म्हणून बाबा चिडवायचे. आईला हसू येत नव्हतं. ही अशीच धावत राहिली तर हृदयाच्या भिंती जाड व्हायच्या, या विचाराने तिचा जीव टांगणीला लागला होता. पोहण्याच्या निवड शिबिराचा माझा अर्ज तिने पर्समध्ये घडी घालून ठेवला. आधी हृदय बघू, मग सही.

इकोच्या खोलीत मंद अंधार होता. आई बाहेर बसली. डाव्या कुशीवर पडून मी पडद्यावर माझं हृदय बघत होते. पेंगुळलेल्या माशाच्या तोंडासारखं ते उघडत होतं, मिटत होतं. तपासणाऱ्या ताई मापं घेता घेता म्हणाल्या की भिंती वयाला शोभतील अशाच आहेत, काळजीचं काही नाही. पडद्याच्या कोपऱ्यात नाडीचा आकडा होता ६४. माझा डोळा लागत होता.

ताईंनी आईला आत बोलावलं. तिने आल्या आल्या सवयीने माझं मनगट धरलं. साबणाचा वास आला. ६४ चे ७५ झाले, मग ८३, मग ९०.

"काय गं, आई इतकी कडक आहे?" ताईंनी विचारलं.

आई आकड्याकडे बघतच राहिली. माझी चोरी पकडली गेली होती.

"मी कधी झोपलेलीच नसायचे, आई. वर्षातून तेवढी एकच सकाळ तू माझ्याजवळ बसायचीस. हलले तर उठून जाशील म्हणून डोळे मिटून पडायचे."

मग डाव्या हाताने तिने अर्ज काढला आणि डाव्याच हाताने वेडीवाकडी सही केली. उजवा माझ्या मनगटावरच होता.

"मोजतेयस?" मी विचारलं.

"नाही," आई म्हणाली.