तात्पुरती कुंडी

सुताराच्या घराचं मागचं दार बाहेर उघडायचं आणि लगेच अंजिराच्या कुंडीवर आपटायचं. धुण्याची बादली घेऊन त्याच्या बायकोला रोज त्या फटीतून आडवं होऊन निघावं लागे. "सध्या तात्पुरती इथे ठेवू," असं म्हणून नवऱ्याने कुंडी तिथे टेकवली, त्याला तीन वर्षं झाली होती.

त्याचं 'तात्पुरतं' हे असंच. लोकांकडची कपाटं अशी करायचा की मुंगीला शिरायला फट नको, आणि स्वतःच्या घरातल्या कपाटाचं दार सुतळीने बांधलेलं. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

अंजिरात मात्र तिचा जीव होता. बाबांनी जाण्यापूर्वी माहेरच्या परसातल्या झाडाची फांदी कुंडीत लावून दिली होती. पुढे ते घर विकलं गेलं, नव्या मालकाने झाड तोडलं. बाबांच्या हातचं आता एवढंच उरलं होतं. कुंडीत असूनही झाड चांगलं खांद्याएवढं झालेलं, पण त्या टीचभर मातीत किती दिवस तग धरणार, ही धास्ती तिला स्वस्थ बसू देईना.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचला आणि कुंपणाजवळ स्वतःच खड्डा खणला. हाताला फोड आले. नवरा चहाचा कप घेऊन बघत होता.

"जरा डावीकडे घ्यायला हवा होतास."

"कप ठेवा आणि कुंडी उचलायला या."

दोघांनी जोर लावला. कुंडी जागची हलेना. तिने खाली बोटं घालून चाचपलं. तळाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ थेट जमिनीत गेलं होतं.

"करवत आणतो. मूळ कापून तिकडे लावू."

"कापल्यावर जगेल?"

तो मुळाकडे बघत राहिला. लाकडाच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे. "सांगता येत नाही."

"मग हात लावू नका."

"अगं, दार कधीच नीट उघडणार नाही."

"नको उघडू दे. जाईन मी आडवी. इतकी वर्षं जातेच आहे." तिचे डोळे भरून आले आणि त्या रडू येण्याचाही तिला संताप आला.

तो आत गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. ती झाडापुढे उभी राहिली. पण तो दारापाशी उकिडवा बसला आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सोडवू लागला.

"आता हे काय?"

"दार आत उघडणारं करतो."

पहिल्याच आठवड्यात तिने हेच सुचवलं होतं. भांडण नको म्हणून ती खाली पडलेले स्क्रू वेचू लागली.

संध्याकाळपर्यंत चौकटीची खाच तासून झाली, दार आवाज न करता आत वळलं. मग त्याने हातोडीने कुंडी हलकेच फोडली आणि तिने खणलेली माती आणून बुंध्याभोवती दाबली.

"झालं बघ. पक्कं."

"आणि कपाटाचं दार? त्यासाठी काय घरातही झाड लावू?"

"ते सध्या..." तो म्हणाला, आणि त्याची नजर कुंडीच्या तुकड्यांवर गेली.