रुळावरची नावं

सयाजी हवालदार इटलीच्या लढाईतून धडधाकट परत आला, पण पलूस गावच्या क्रिकेटनं त्याला पार मेटाकुटीला आणलं.

पलटणीत शिकलेला खेळ त्यानं हौसेनं गावात आणला. आप्पासो इनामदारांच्या पडीक रानात मैदान केलं, पोरं तयार केली, क्लबाला नाव दिलं. तयार होत नव्हती ती फक्त खेळपट्टी. काळी माती ती. ऊन लागलं की भेगाळायची आणि पाणी मारलं की ढेकळं व्हायची. मागच्या साली इस्लामपूरचा संघ आला, तर त्यांच्या पहिल्याच गड्याच्या तोंडावर चेंडू असा उसळला की त्याचे दोन दात पलूसच्या मातीतच राहिले. जाताना त्यांचा कप्तान बजावून गेला, की जड रूळ फिरवून पीच सपाट केल्याशिवाय आम्हाला बोलवू नका. तेव्हापासून सयाजीनं एकच ध्यास घेतला. सेहेचाळीस सालच्या पौषात इस्लामपूरकरांना याच मैदानावर खेळवायचं.

त्यानं रुळाची गोष्ट चावडीवर काढली. एकजण म्हणाला, खळं सारवतात तसं शेणानं सारवून घे. पोरांनी सारवलंही, आणि पहिलाच गडी धावता धावता घसरून यष्ट्यांवर पडला. दुसऱ्यानं खळ्यावरचा आपला लहान रूळ नेऊ दिला; तो भेगांना गुदगुल्या करून परत आला. तिसऱ्यानं सांगितलं, देवळासाठी मागितलं असतंस तर दिलं असतं. तीन महिने सयाजी दारोदार वर्गणीला फिरला. चहा पुष्कळ मिळाला, त्याहून जास्त सल्ला मिळाला. मोठा रूळ कशाला हवा हे सांगून सांगून त्याच्या नाकी नऊ आले.

शेवटी वर्गणी आली ती ज्या दारात तो गेलाच नव्हता तिथून. गावाबाहेर मेंढरं राखणारी हरणाबाई आपण होऊन त्याच्या घरी आली. तिचा सिद्धू आणि सयाजी एकाच दिवशी भरती झाले होते, पलटणीच्या संघात एकत्र खेळले होते. सिद्धू डावखुरा गोलंदाज. तो इटलीतच राहिला आणि मेल्याचा सरकारी कागद तेवढा घरी आला. दोन बकरी विकून आणलेले पैसे हरणाबाईनं सयाजीपुढं ठेवले.

"माझ्या सिद्धूचं नाव घाल त्या दगडावर," ती म्हणाली. "त्याचं नाव कुठंच लिवल्यालं न्हाई."

सयाजी घालतो म्हणाला. केरबा पाथरवटाला त्यानं मोठा दगड घडवायला सांगितलं, सिद्धूचं नाव तेवढं ठळक घाल म्हणाला, आणि लोखंडी आस नि चौकट करून घ्यायला सांगलीला गेला. तिथला लोहार रोज 'उद्या' म्हणायचा. त्या उद्यांत आठ दिवस गेले.

परत येऊन बघतो तर रूळ तयार. गोल, गुळगुळीत, भक्कम. आणि त्याच्या सगळ्या अंगाला नावंच नावं.

दगडावर नाव कुठं घालायचं हे सयाजीनं सांगितलं नव्हतं आणि केरबानं विचारलं नव्हतं. केरबानं जन्मभर देवळाच्या पायऱ्यांवर दात्यांची नावं कोरलेली. जिथं पाय लागतात तिथंच नाव घालायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक. म्हणून सिद्धूचं नाव त्यानं रुळाच्या फिरत्या अंगावर, चांगलं अर्धं बोट खोल कोरलं. ते आप्पासोंनी पाहिलं. मेंढकीच्या पोराचं नाव दगडावर आणि जमीन देणाऱ्याचं नाही? त्यांनी लगेच पैसे काढले. मग लालासाहेबांना राहवेना, मग भाऊसोंना. तीन महिन्यांत निघाली नाही ती वर्गणी आठ दिवसांत निघाली, आणि रुळावर एकोणीस नावं चढली. आप्पासोंचं वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, वर कमळ काढून.

सयाजीनं कपाळाला हात लावला. तरी म्हटलं, एकदा फिरवून तर बघू. पाणी मारून, दोन बैल जुंपून रूळ फिरवला. मागं वळून पाहिलं तर सबंध पीचवर मातीची अक्षरं उलटी उठून बसलेली. पोरांनी चेंडू टाकून पाहिला. तो आप्पासोंच्या आडनावावर पडला आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला.

अर्धं बोट दगड सगळीकडून तासला की झालं, दोन दिवसांचं काम, असं केरबा म्हणाला. पण दाते ऐकतील तर ना. घातलेलं नाव खोडणं म्हणजे अपशकुन. रुळाच्या दोन्ही टोकांच्या सपाट अंगावर घालू म्हणावं, तर तिथं चौकट घासणार. सयाजीनं समजावलं, हात जोडले, एकदा तर पलटणीतल्यासारखा ओरडला. आप्पासो पान लावत शांतपणे म्हणाले, "सिद्धूचं आधी काढ. मग आमी बघतो."

सयाजी उठून चालता झाला. सामन्याला पाच दिवस उरले होते. गावावर तो चिडला होता, केरबावर चिडला होता, आता स्वतःवर चिडला. नावाची सुरुवात तर त्यानंच केली होती. दोन दिवस त्यानं हरणाबाईची वाट टाळली. तिसऱ्या सकाळी गेला, तेव्हा ती मेंढरं सोडत होती. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

तिनं शेवटचं मेंढरू बाहेर काढलं. मग म्हणाली, "सिद्धूच्या नावावर बॉल पडला तर काय हुतंय?"

"उसळतोय, मावशी. गड्याला लागतोय."

"माझा सिद्धू कुनाला लागंल असा कवा टाकत न्हवता," ती म्हणाली. "काढ."

तिनं मेंढरं शेजारणीवर सोपवली आणि तशीच चावडीवर आली. आप्पासोंना एवढंच म्हणाली, "आवं, माझं निघालं. तुमचंबी काढा." आप्पासोंनी तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं आणि केरबाला खूण केली. मग बाकीचेही तयार झाले.

ठरल्या दिवशी इस्लामपूरकर आले. कप्तानानं वाकून पीचवर तळहात फिरवला आणि मान डोलावली. सयाजीनं एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा सुखाचा श्वास सोडला. तेवढ्यात आप्पासोंनी मागून विचारलं, की सामन्यासाठी घातलेल्या मांडवावर तरी नाव घालता येईल का. सयाजी उत्तर द्यायला वळला, तर कडेला रुळाजवळ हरणाबाई उभी.

ती दगडावरून हात फिरवत होती. गुळगुळीत झालेला दगड, कुठं खाच नाही, कुठं ओरखडा नाही. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरलं होतं तेव्हा ती रोज येऊन ती अक्षरं बोटानं चाचपून जायची, असं केरबानं नंतर सांगितलं.

"कुठं हुतं रं?" तिनं विचारलं.

सयाजीनं रुळाकडं पाहिलं. तो सगळीकडून सारखाच होता. त्याला सांगता येईना. त्यानं तिचा हात धरला, दगडावर एका जागी ठेवला आणि म्हणाला, "हितं, मावशी."

तिनं हात तिथंच ठेवला. तिकडं पंच हाका मारत होते, पण सयाजी तिचा हात निघेपर्यंत उभा राहिला.